हात खिशात घालून जिना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. सांधे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (भावोजींवर सोपवू नकोस, त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही.) इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे माझ्याविरुद्ध कट शिजतोय तेवढा सोडला तर.

हसू नकोस. उभा जन्म मी यंत्राशिवाय गार राहणारी घरं बांधण्यात घालवला. पाडलेल्या इमारतींच्या विटा वेचल्या, जाड भिंतींसाठी गिऱ्हाइकांशी भांडलो, एका शेठजीला काचेच्या इमारतीपासून परावृत्त केलं (मी दिसलो की तो अजून रस्ता ओलांडतो). आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली : गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. माणूस स्वतःच्या घराबद्दल हमखास खोटं बोलतो. तो कुठे टेकतो, ऊन आलं की कुठे सरकतो, ते गुपचूप बघायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. सध्या माझ्याकडे दोघं आहेत. टाचणी, म्हणजे बारीक चणीची आणि नको तिथे टोचणारी मुलगी. आणि शिडी, ज्याला प्रत्येक दारातून वाकून यावं लागतं. दोघंही गुणी आहेत, आणि मला भीती आहे ती त्याचीच.

हल्ली मी आत शिरलो की दोघं एकदम गप्प होतात. मी खुर्ची सरकवली की टाचणीची मान वळते. जिना चढताना मी भिंतीला हात लावतो, तिथे डाग पडलाय; परवा बघतो तर शिडी त्या डागासमोर उभा. मीच शिकवलेली पाळत मला ओळखू येणार नाही का? म्हातारा थकला असं ठरवून मला ऑफिसातून काढायचं आणि भिंतीवर माझा फोटो टांगायचा, असा त्यांचा डाव असणार. (फोटोची जागाही मी हेरली आहे, दाराशेजारी.) वाईट वाटलं ताई, फार वाईट वाटलं. पोटच्या पोरांसारखं शिकवलं यांना. आणि ऑफिस सोडून जाऊ कुठे? आमचं भाड्याचं घर दुपारी तव्यासारखं तापतं. लोकांना गार घरं देता देता स्वतःचं बांधायचं राहूनच गेलं.

मग मीही इरेला पेटलो. सगळ्या सवयी उलट्या केल्या. हात खिशात घालून जिना चढलो-उतरलो. गुडघ्यांनी काय शिव्या घातल्या ते लिहिण्यासारखं नाही. मला सावली लागते, तर मुद्दाम पूर्वेच्या खिडकीत उन्हात बसलो आणि वर "वा, काय छान ऊन!" असंही म्हणालो (घामाने नकाशा भिजला). दुपारी डुलकीच्या वेळी ताठ उभा राहून फोनवर तावातावाने बोललो. फोन बंद होता. शेवटी एका साइटवर हात खिशात ठेवूनच उतरलो आणि घसरून थेट विटांसाठी कालवलेल्या मातीत जाऊन बसलो. मिस्त्री मला उपसून काढता काढता म्हणाला, "साहेब, तुमच्याच घराच्या विटांची माती आहे, तुम्हीच पहिले बसलात!"

घरी येऊन तुझ्या भावजयीला फैलावर घेतलं. ती शांतपणे भाजी निवडत होती. तिने म्हणे एक छोटीशी जागा घेतली आहे, आणि आमचं घर माझ्याच पोरांवर सोपवलं आहे. "तुम्हाला विचारलं असतं तर खोटंच सांगितलं असतंत," हे वर मलाच! दुसऱ्या दिवशी त्याच साइटच्या शेडमध्ये आमच्या घराचा नकाशा लावलेला दिसला. झोपायची खोली भर उन्हात. जिना उभाच्या उभा, कठड्याचा पत्ता नाही. डुलकीला जागाच नाही. मी जे सोंग वठवलं, त्या सोंगासाठी घर! आता सांगू कसं? सांगितलं तर पोरांवर संशय घेतला हे कळणार; नाही सांगितलं तर म्हातारपणी जिन्यावरून गडगडणार. पण खरं खुपतंय ते वेगळंच. माझ्या हाताखालची पोरं गिऱ्हाइकाच्या नाटकाला भुलली, मग मी आयुष्यभर शिकवलं काय?

असो. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहायचं कारण असं, की तू ऑफिसात फोन कर आणि म्हण, "मी राहायला येईन तेव्हा जिन्याला कठडा हवा." सांधे तुझे, हट्ट तुझा. माझं नाव मुळीच घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. : थांब, फोन करू नकोस. पाकीट चिकटवणार एवढ्यात टाचणीने दुसरा नकाशा पुढ्यात ठेवला. म्हणाली, "सर, शेडमधलं घर तुम्ही सांगितलेलं. हे तुमचं." खोली सावलीत, डुलकीला ऐसपैस कट्टा, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, थेट भिंतीवरच्या डागाच्या उंचीवर. मी म्हणालो, कठडा जरा उंच झालाय. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडलो.

शेवटचा ता. क. : त्याच नकाशात "ताईंची खोली" असं लिहिलेली एक खोली आहे. तिची खिडकी इतकी खाली, की एखाद्या बुटक्या बाईला पलंगावर बसल्या बसल्या रस्ता दिसावा. तुझी उंची मी कोणालाही सांगितलेली नाही. मागे तू "सहज" म्हणून आलीस आणि माझ्या ऑफिसात दुपारभर ठाण मांडून बसलीस, ते नेमकं कशासाठी, याचा खुलासा उलट टपाली कर.