कडकोळला पोचलेल्या खिडक्या

हिनकल, म्हैसूर
रविवार

ती. श्रीनिवासराव यांच्या चरणी तुकोजीरावाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो हल्ली कागदावरच घालता येतो). तुमचा रक्तदाब आणि वहिनींची दाढ दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. तुमची बहीण मालती खुशाल आहे. माझ्यावर ओरडताना तिला आता धाप लागत नाही, म्हणजे डॉक्टरांचं औषध लागू पडलं असं समजावं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. या घरात फोनवर बोललेलं सध्या अर्ध्या हिनकलला ऐकू जातं, कारण आमच्या खिडक्यांना काचा नाहीत. त्याचीच ही हकीकत.

आमची सून सुष्मा गोकुलममध्ये योग शिकायला आलेल्या परदेशी मंडळींना कचऱ्याविना घर कसं चालवावं ते शिकवते. (त्यांच्याजवळ इथं एक चटई आणि एक पाण्याची बाटली. एवढ्या संसारात कचरा न करायला शिकवणी लागते, हे मला ठाऊक नव्हतं.) आमच्या पाच खिडक्यांच्या प्लास्टिकच्या चौकटी पंधरा वर्षांत पिवळ्या पडल्या, म्हणून तिनं नव्या मागवल्या. जुन्या टाकून देऊ, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चामुंडीची टेकडीच भंगारात काढतोय. मग कळलं की कडकोळला एक कारखाना आहे. तिथं जुन्या चौकटी दळून त्यांचे दाणे करतात आणि त्या दाण्यांच्या पुन्हा चौकटी करतात. म्हणजे प्लास्टिकलासुद्धा दुसरा जन्म मिळतो. निवृत्त बँक अधिकाऱ्याला मात्र याच जन्मात सगळं उरकावं लागतं.

कारखान्याच्या अटी चार. काच काढा, रबर काढा, चिकटपट्टी काढा, चौकट धुऊन द्या. "मामा, तुम्हाला वेळ आहे ना?" सुष्मानं विचारलं. (निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारत नाहीत, कळवतात.) मी चौकटी उतरवल्या, भिंतींतल्या भोकांवर मालतीच्या जुन्या साड्या लावल्या आणि काचा त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. पुढचे तीन दिवस साबणाची पूड आणि दात घासायचा ब्रश घेऊन मी अंगणात बसलो. तिसऱ्या दिवशी एक शोध लागला. चौकटींचा पिवळेपणा हा पंधरा वर्षांच्या फोडणीचा धूर होता. आत चौकट दुधासारखी पांढरी! पण नव्या आधीच येऊन पडल्या होत्या, तेव्हा हा शोध मी स्वतःजवळच ठेवला. एवढ्या कष्टानं धुतलेल्या चौकटींवर दळण्यापूर्वी ओरखडा उठू नये म्हणून त्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून व्हरांड्याच्या भिंतीला लावून ठेवल्या. नव्या होत्या कंपाउंडच्या भिंतीला. त्यांच्या काचा मागाहून यायच्या होत्या, आणि शेजारच्या बांधकामाची सिमेंटची धूळ त्यांच्यावर मुक्कामाला आली होती.

कारखान्याची गाडी आली तेव्हा मी आंघोळीला होतो. ड्रायव्हरनं बाहेरून विचारलं, "सार, जुन्या कुठल्या?" मी आतून ओरडलो, "भिंतीला टेकवलेल्या!" माझ्या घराला भिंती किती आहेत, याचा तेव्हा विचार केला नाही.

सुष्माला दळणाचा व्हिडिओ हवा होता, म्हणून मीही गाडीत बसून कडकोळला गेलो. चौकटी धुळकट दिसल्या. मला वाटलं, ड्रायव्हरनं कागद काढून टाकला आणि नंजनगूड रस्त्यानं आपलं काम केलं. मी स्वतः त्या रुमालानं पुसल्या. एकेक चौकट यंत्रात गेली, आणि मी हात न हलवता सगळं टिपलं. तिथल्या सुपरवायझर कमलाक्षी दाणे ओंजळीत घेऊन म्हणाल्या, "सार, एष्टु बेळ्ळगे! इतका पांढरा माल मी कधी पाहिला नाही. काय करता तुम्ही?" मी म्हणालो, "सोपं आहे. रोजची निगा." त्यांनी कामगारांना बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं. मला टाळ्या मिळाल्या, श्रीनिवासराव! बँकेतून निरोप घेतानासुद्धा मिळाल्या नव्हत्या.

घरी येऊन पाहतो तर कंपाउंडची भिंत रिकामी, आणि व्हरांड्यात कागदात गुंडाळलेल्या चौकटी तशाच. कागद सोडला. आत माझ्या जुन्या खिडक्या.

"अय्यो," मालती म्हणाली, "आता सुम्ने बसा, तोंड उघडू नका." लग्नानंतर तिनं दिलेला हा पहिला सल्ला मी तत्काळ मानला. दुसऱ्या दिवशी अरुण मिस्त्रीनं त्याच चौकटी त्याच भोकांत बसवल्या. स्क्रूची छिद्रं आधीच पाडलेली पाहून त्यानं एकावर बोट फिरवलं. "कंपनी फार सुधारली सार," एवढंच बोलला. संध्याकाळी सुष्मा बारा परदेशी पाहुण्यांना घेऊन आली. सगळ्यांनी खिडक्यांवरून हात फिरवले. "जुन्या किती कळकट होत्या, आणि या बघा," सुष्मा म्हणाली. मीही बघितल्या. एका बाईंनी तर डोळे मिटून चौकटीला मिठी मारली.

तसं सगळं ठीक चाललंय. तुम्ही काळजी करू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
तुकोजीराव

ता.क. नव्या काचा आल्या, पण जाड निघाल्या, जुन्या खाचेत जात नाहीत, म्हणून पलंगाखाली दडवल्या आहेत. 'कंपनीकडून उशीर होतोय' असं मी सुष्माला सांगतोय. आपण दोघांनी पंधरा वर्षांपूर्वी एकाच मापाच्या खिडक्या घेतल्या होत्या, आणि तुम्ही गेल्या वर्षी बदलल्या. त्यांच्या काचा तुमच्या गॅरेजमागे असतीलच. तेवढ्या पाच घेऊन या. कुणी विचारलं तर फोटोंच्या फ्रेमा म्हणावं. आणि कृपा करून धुऊ नका.

ता.क. दुसरा. दादा, मी मालती. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. अरुणनं त्याच दिवशी फाटकातून सुष्माला फोन करून सगळं सांगितलं. ती पोटभर हसली आणि तिनं पुन्हा नव्या चौकटी मागवल्या, महिन्याभरात येतील. यांना मात्र काही सांगितलेलं नाही. गेले पंधरा दिवस हे सकाळी सगळ्यांना कॉफी करून देतात, भाजी निवडतात आणि कुणालाही उलट बोलत नाहीत. डास चावतात, पण मी सोसते. काचा आणायची मुळीच घाई करू नकोस.