समोरच्या दाराची भरपाई

रविवार, १२ मे

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. तुझं बंदरातून टाकलेलं कार्ड मिळालं. ताप बोटीवरच्या आचाऱ्यामुळे आला की तुझ्या हावरटपणामुळे, हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. पाणी उकळून पी. इकडे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवणार होते, कारण पुढचं आठवलं की डोकं फिरतं. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही आणि लॅबमध्ये सांगायची सोय नाही. तिथे दिवसभर माझ्याभोवती शंभर जबडे असतात, पण सगळे प्लास्टरचे.

विषय मुकादमाचा आहे. तू ठेवलेल्या नावाला कुत्रा जागतोय. पूर्वी बाबांच्या मागोमाग फिरून ते काम नीट करतायत की नाही एवढंच बघायचा. हल्ली त्याने समोरचं घर पाडायचं कंत्राट घेतलंय.

समोरच्या सिस्टर तुला आठवत असतीलच. तू पायावर उकळतं पाणी सांडून घेतलंस तेव्हा धावत आल्या होत्या, आणि पट्टी बांधता बांधता तुलाच रागावल्या होत्या. आता हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यात. बाई टापटिपीची. घरात एक चमचा वाकडा सापडायचा नाही. त्या घराची या प्राण्याने जी दशा केली आहे ती बघून मला जिन्यावर मान वर करून चालता येत नाही.

सुरुवात दारापासून झाली. रोज सकाळी मी कामाला निघायला कडी काढली की हा माझ्या पायांमधून सटकतो आणि त्यांच्या दारावर पुढचे दोन्ही पाय टेकून खरवडत बसतो. खालचं पॉलिश गेलं, मग लाकूड दिसायला लागलं. मी रागावले, बांधून ठेवला, पट्टा चावून तोडला. नवा पट्टा आणला, तोही चावला. दुकानदार म्हणाला, "ताई, हा मजबूतवाला घ्या, हा बैलालाही पुरेल." तो त्याने एका दुपारीत संपवला.

मग एकदा दार उघडं सापडलं आणि त्याने आत जाऊन सोफा धरला. सोफ्याच्या उजव्या टोकाचा हात खाल्ला, अगदी फळीपर्यंत. माझं कामच दातांचं, त्यामुळे वरच्या सुळ्यांचे ठसे मला वेगळे ओळखता आले, पण त्याचा उपयोग काय? डाव्या टोकाला त्याने दातही लावला नव्हता.

आणि गेल्या आठवड्यात कळस केला. सिस्टर डॉक्टरांकडे जायला निघाल्या, हा त्यांच्या नकळत आत शिरला आणि रिकाम्या घरात कोंडला गेला. बाहेर पडता येईना म्हणून कपडे धुवायच्या मशीनला पाणी येतं ती नळी कुरतडली. त्या परत येईपर्यंत पाणी न्हाणीघरातून बैठकीत, बैठकीतून झोपायच्या खोलीत. पलंग, कपाट, सगळं खालून फुगलेलं. मी संध्याकाळी आले तर सिस्टर पदर खोचून बादलीत फडकी पिळतायत आणि मुकादम टेबलावर चढून देखरेख करतोय.

मी सुतार बोलावला. त्याने पलंगाखाली डोकं घातलं, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हा पलंग आता पोहायला शिकला. झोपायच्या कामाचा नाही राहिला." त्याने आकडा सांगितला. मी बाजूला टाकलेल्या पैशांतून तेवढे काढले, दाराच्या पॉलिशचे आणि सोफ्याचे त्यात घातले, पाकीट केलं आणि समोर गेले.

सिस्टरांनी पाकीट घेतलं नाही.

मी टीपॉयवर ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी ते माझ्या दाराच्या फटीतून आत आलं होतं. मी पुन्हा त्यांच्या दाराखालून सरकवलं. मग मुकादम जिन्यावरून ऐटीत चालत आला, पाकीट त्याच्या पट्ट्यात खोचलेलं. पट्टाही नवा. म्हणजे नुकसान त्यांचं, आणि वर खर्चही त्याच करणार! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बुधवारी लॅबमधून आले ती चपलाही न काढता समोर गेले आणि म्हटलं, "सिस्टर, आज हा विषय संपवायचा. पैसे घ्या."

त्या म्हणाल्या, "अगं, काय चालवलंयस हे? घरच्यांकडून कोणी भरपाई घेतं का?"

"घरचे कोण?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं सोफ्याकडे पाहिलं. सोफ्याच्या उजव्या टोकाला, जिथला हात मुकादमाने खाल्लाय तिथे, मांडीवर उशी घेऊन बाबा बसले होते.

हो ढब्बू. बाबा. ते तिथे राहतात.

दोन महिने झाले. मार्चमध्ये ते आणि सिस्टर नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करून आले. मी गेले नाही. मला त्यांनी आधी सांगितलं होतं, विचारलं होतं म्हटलंस तरी चालेल, आणि मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. या वयात, समोरच्याच दारात, आईचे कपडे अजून कपाटात असताना, असलं सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. मग एक बॅग भरली. मुकादमाची वाटी उचलायला वाकले तेव्हा मी म्हटलं, "कुत्रा इथेच राहील. जायचंय तर एकटे जा." मला कुत्र्याचं प्रेम कधी उतू गेलं होतं, तूच सांग. पण त्यांचं काहीतरी माझ्याकडे राहायला हवं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि जिना ओलांडून गेले.

तर तो मुका जीव रोज का खरवडतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याला समोर जायचंय. आणि मी पट्टे विकत आणतेय.

तेव्हा बुधवारी मी बाबांकडे न बघता सिस्टरांना म्हटलं, "आम्ही घरचे नाही. शेजारी आहोत. शेजाऱ्याचं नुकसान झालं की शेजारी भरून देतो, एवढा साधा व्यवहार आहे."

बाई पांढऱ्या पडल्या. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "घ्या सिस्टर." (लग्न झालं तरी सिस्टरच म्हणतात. आणि त्याही ओ देतात.) "घ्या. फिटलं म्हणजे तिला झोप तरी लागेल."

सिस्टरांनी पाकीट घेतलं. मोजलेही नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या, जसं पाहुण्यांना सोडतात तसं.

मी जिंकले. घरी येऊन भात लावला आणि करपवला.

खरं तर पत्र इथे संपवता आलं असतं. पण शुक्रवारी बाबा लॅबमध्ये आले. आमच्या काउंटरवरची मुलगी आत येऊन म्हणाली, "ताई, तुमचे बाबा आलेत. कवळी तडकलीय. आणि म्हणतात बिल करा." मी हात पुसत बाहेर गेले. दात नसले की बाबा एकदम आजोबांसारखे दिसतात, तुला माहीत आहे. कवळी रुमालात गुंडाळून आणली होती. मीच केलेली, खालची, आईच्या आजारपणात घाईघाईत केली म्हणून जरा पातळ राहिलेली.

मी म्हटलं, "बिल कशाला?"

"शेजाऱ्यांचं काम," बाबा म्हणाले. "फुकट कसं घ्यायचं?"

टोमणा नव्हता रे. टोमणा असता तर मी तिथेच भांडले असते. ते खरंच विचारत होते, कारण नियम मीच घालून दिला होता. त्यांना बाकावर बसवून मी आत गेले, तडा भरला, घासली, चकाकी आणली. हात चालत होते, पण डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. बाहेर येऊन दिली, त्यांनी बसवून पाहिली, मान हलवली आणि काउंटरवर जाऊन पैसे भरले. माझ्या बापाने माझ्या हातच्या दातांचे पैसे मोजून दिले आणि वर "सुट्टे आहेत ना?" असं विचारलं.

जाताना दारात थांबले. "ढब्बूचं काही आलं का?"

"कार्ड आलंय."

"मला काही लिहिलंय?"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. त्यावर तू बाबांना नमस्कार लिहिला होतास, आणि 'गुडघा कसा आहे' असं विचारलं होतंस. मी काउंटरवरचे सुट्टे गोळा करायला लागले.

बाबा म्हणाले, "राग येणारच. साहजिक आहे. त्याला म्हणावं, सवडीने बोल." आणि गेले.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. बाबांनी मार्चमध्येच मला सांगितलं होतं, "ढब्बूला तूच सांग, तुला नीट सांगता येईल." मी हो म्हटलं. आणि मग तुझा फोन आला की बाबा झोपलेत, बाबा फिरायला गेलेत, बाबा न्हाणीत आहेत. तूही बिचारा तुटक्या लाइनवर "बरं बरं" म्हणत राहिलास. बाबा मोबाइल ठेवत नाहीत, हे माझ्या पथ्यावर पडलं. मला वाटत होतं, मी सांगितलं नाही तर ते खरं होणार नाही. तिकडे त्यांना वाटतंय, तुला सगळं कळलंय आणि तू मुद्दाम त्यांच्याशी बोलत नाहीस. दोन महिने ते हेच समजून चाललेत, ढब्बू. आणि तरी तुझी बाजू घेतायत.

उद्या सकाळी मी समोर जाऊन ते पैसे परत मागणार आहे. दिलेले पैसे परत कसे मागतात ते मला माहीत नाही. उधार मागायला इतकी लाज वाटत नसेल.

सोमवार, सकाळ

जाऊन आले. दार सिस्टरांनीच उघडलं. मी तोंडपाठ केलेलं सगळं विसरले आणि धाडकन म्हटलं, "ते पैसे मला परत हवेत."

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "अगं, निम्मे तर सुताराला आगाऊ दिले. उरलेले आत्ता देते. बाकीचे पेन्शन झाल्यावर दिले तर चालतील?"

मी म्हटलं, "द्या सवडीने. घरचंच आहे."

माझ्या तोंडून ते कसं निघालं देव जाणे. गोड वगैरे आवाजात नाही, चांगलं खेकसूनच निघालं. बाई मला अजूनही आवडत नाही, हे तुला स्पष्ट सांगते. फार नीटनेटकी आहे आणि फार समजूतदार आहे, आणि माणसाला भांडायला जागाच ठेवत नाही. पण मुकादमाची वाटी मी सोबत नेली होती. ती दिली. तो माझ्याकडे वळूनही न बघता आत गेला, नालायक.

बाबांना मात्र मला सांगता आलं नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले, "ढब्बू" एवढं म्हटलं आणि तिथेच अडले. ते वाट बघत बसले. मी "आलेच" म्हणून परत आले आणि हे पुढचं लिहिलं.

म्हणून आता असं करते. हे पत्र मी न चिकटवता त्यांच्या हातात देते, तुझं कार्डही सोबत ठेवते. त्यांनी आधी वाचावं आणि मग तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकावं. नाही टाकलं तर तुला यातलं काहीच कळणार नाही, आणि माझी तीच लायकी आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


चि. ढब्बू,

वाचलं. तुझा नमस्कार पोचला. गुडघा ठीक आहे. दोन महिने मी तुझ्यावर मनातून नाराज होतो, ते सगळं परत घेतो. आता ताईवर किती रागवायचं ते ठरवायला मला थोडा वेळ लागेल. तोवर तू तिला काही बोलू नकोस. तिच्याकडे आता कुत्राही नाही.

समोरच्या घराचा फोन नंबर मागे लिहिला आहे. फोन कर, मी जागाच आहे.

बाबा