दह्यानं खाल्लेलं टोक

बाबा, आज ओट्यावर तुमचा खडा घेऊन बसले आहे. शेजारी तुमचं भिंग, चाकू आणि अर्धं लिंबू. खनिजं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत तुम्ही नमुने धुवायचात, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचात. निवृत्त झालात तेव्हा साहेबांनी हा खडा तुम्हाला दिला आणि तुम्ही मला. आपलं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच वर्षी. मी त्याला स्फटिक समजून देवघरात ठेवलं, आणि हे आजारी पडल्यावर रोज पंचामृतानं आंघोळ घालू लागले.

एका सकाळी तुम्ही गुढियारीहून सायकलनं आमच्या तात्यापाऱ्यात आलात आणि दारातूनच ओरडलात, "काहून दही ओतून राहिली व पोट्टी? कॅल्साइट आहे ते, चुन्याचा दगड. दही खाऊन टाकते त्याले."

मी हातातली वाटी खाली ठेवली नाही. म्हटलं, "तुम्हाले दगडच दिसते, बाबा. माझा नवरा दिसत नाही."

"हव," एवढंच बोलून तुम्ही वळलात. तुमच्यासाठी ठेवलेला चहा उकळून आटला. दोन आठवड्यांनी तुम्ही गेलात. होळीच्या आत हेही गेले.

नंतर तुमच्या पेटीतली पुस्तकं मी एकेक शब्द लावत वाचली. आज चाकू फिरवला, तर मोठ्या खड्यावर ओरखडा उठला. बुडाशी साखरेसारखे बसलेले बारीक कण मात्र चाकूला दाद देत नाहीत. ते क्वार्ट्ज, खरा स्फटिक तो. मोठ्या खड्यावर लिंबाचा थेंब टाकला आणि भिंगातून बुडबुडे दिसले. त्याचं टोक चोखलेल्या खडीसाखरेसारखं गोल झालं आहे. त्याच दह्यात न्हालेले कण अजून बोटाला टोचतात.

मुलगी हसली. "आई, भगवान को अब नींबू चढ़ा रही हो?"

"तुझ्या आजोबांचं म्हणणं तपासून राहिली."

"सही निकला?"

"हव."

तुमच्यासारखीच चिठ्ठी लिहिली: क्वार्ट्जवर कॅल्साइट. ती खड्याला चिकटवते, आणि तुम्हाला लिहिलेला हा कागद घडी करून त्याच्याखाली ठेवते. पण तपासायची गरज नव्हती, बाबा. रोज पुसताना टोक झिजलेलं माझ्या बोटाला आधीच कळलं होतं. दही थांबवलं असतं, तर हे वाचणार नाहीत हे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं. तुम्ही दारात उभे होतात तेव्हा, तुमचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं.