मांडीच्या कातडीनं केलेली पहिली दाढी

ती. दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही, हे मुद्दाम लिहितोय. तुमची सर्दी आणि ताईची कंबर आता ताळ्यावर आली असेल. हे पत्र उजव्या हातानं लिहिलंय. (अक्षर आधीही असंच होतं, त्याचं खापर भाजण्यावर फोडू नका.)

तुम्ही 'दुकानात भाजला' एवढंच ऐकलंत. झालं असं, की टॉवेलांसाठी पाणी तापवायची स्पिरिटची शेगडी विझली असं समजून मी तिच्यात स्पिरिट ओतलं. ती विझलेली नव्हती. शर्टाची टेरिलीनची बाही पेटली आणि कातडीलाच चिकटली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठलं, गळ्यातल्या कापडानं आग विझवली, माझा हात नळाखाली धरला आणि मग तोंडावरच्या फेसासकट मला दवाखान्यात नेलं. तिथं आधी त्यालाच विचारलं, तोंडाला काय झालं म्हणून.

सर्जन म्हणाले, भाजणं खोल आहे, आपोआप भरायची वाट पाहिली तर बोटं आखडतील. मांडीची कातडी काढून हातावर लावू. दाजी, बोटं आखडलेल्या न्हाव्यापेक्षा सूर हरवलेला गवई परवडला, तो निदान कुणाच्या गळ्यावर पातं धरत नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

कातडी काढायला त्यांच्याकडे वस्तऱ्याचा थोरला भाऊ शोभेल असं यंत्र आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सलग निघते म्हणे. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं विचारलं ते, पातं कोणतं वापरता. (सिस्टरनं माझा ताप बघितला.) पण दुखलं हातापेक्षा मांडीलाच जास्त. जिचा काही संबंध नाही तिलाच शिक्षा, हे आपल्या घरात तुम्ही पाहिलेलंच आहे.

पट्टी सोडली तेव्हा सर्जननी हात उजेडात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "कातडी धरलीय. सगळी." पुढं व्यायामाच्या बाई रोज माझी बोटं वाकवायच्या आणि 'अजून थोडंसंच' म्हणायच्या. त्यांचं थोडंसं आणि आपलं थोडंसं यात फार अंतर आहे. पहिल्यांदा मूठ मिटली, तेव्हा बायको ती मूठ धरून नुसती बसून राहिली.

आणि काल सर्जन स्वतः दुकानात आले, खुर्चीत मान मागे टाकली आणि म्हणाले, "करा." काचेबाहेर अख्खी आळी जमली. मी साबण लावला, वस्तरा उघडला आणि मांडीच्या कातडीनं त्या माणसाचे दोन्ही गाल आरशासारखे केले. आता मला कुणी धंदा बदल म्हणून तर बघावं.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. सर्जनांच्या हनुवटीला जरासं लागलं. ते म्हणाले, मी तुम्हाला याहून जास्त कापलंय, फिट्टंफाट.

आणखी एक ता. क. काचेबाहेरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. आजपासून आळीतले पुरुष दाढी वाढवताहेत. तेव्हा रविवारी ताईला घेऊन नक्की या, आणि तोवर दाढी करू नका. तुमची हनुवटी सपाट आहे, सरावाला बरी. ताईला सांगा, सहज बोलावलंय.