पहिली गोळी आणि अनारशांचा डबा

तबूक (सौदी अरेबिया), ८ नोव्हेंबर २०२५

ती. अलकाताईंस सरिताचा सा. न. वि. वि.

सुट्टी संपवून सानिका आणि मी सुखरूप पोचलो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आमच्या हॉस्पिटलमधून रजेवर निघालेल्या शिवांगीबरोबर हे पत्र. तुमच्या भाचीला शाळेत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लेक्सिंग्टनच्या चकमकीवर प्रोजेक्ट आहे. पहिली गोळी कुणी झाडली, हे इतिहासाच्या बाईंना, म्हणजे तुम्हालाच विचार म्हणते. जूनपासून सानिका कॉलेजसाठी तुमच्याकडे राहणार, हे कायम आहे ना? काही चुकलं असेल तर रागवा, पण बोला.

आपली सरिता

सांगली, १९ नोव्हेंबर

चि. सौ. सरितास अनेक आशीर्वाद.

सानिकाला सांग, १७७५च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज गुपचूप निघाली ती गावकऱ्यांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानात गावकरी बंदुका घेऊन उभे. गोळी सुटली, आठ गावकरी मेले. पहिली कुणाची, ते आजही ठाऊक नाही; दोन्हीकडच्यांनी समोरच्यांकडे बोट दाखवलं. माझ्या मते झडतीला निघाला तोच दोषी.

मुंबईहून मावसभाऊ ज्ञानेशचा फोन होता. अनारसे फर्मास झालेत म्हणाला! मी माझ्या भावासाठी, सुबोधसाठी दिलेला बंद डबा तू फोडून त्याच्याकडे ठेवून गेलीस? काय घातलं असेल मी त्यात? जिच्या डब्याचा भरवसा नाही, तिच्या घरी मुलगी कशी ठेवशील? लिफाफा उघडाच देते आहे, तुझे कष्ट वाचतील.

अलका

तबूक, ३ डिसेंबर

ती. ताईंस सा. न.

झडती घेतली, खरं आहे. विमानतळाच्या धाकाने मी सगळ्यांचेच डबे उघडून बघते. पण ताई, दारूगोळा होता! अनारशांवर खसखस होती. इथे तिला बंदी आहे. सापडली तर थेट तुरुंग, इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवानाही खलास. तुमचा भाऊ इतकी वर्षं इथे, म्हणजे तुम्हाला माहीत असणारच, असं मी धरून चालले. त्यात ती घट्ट चिकटपट्टी. मला अडकवायचं तर नाही, अशी पाल मनात चुकचुकली, म्हणून न विचारता डबा ठेवून निघाले. काल यांना विचारलं, तर म्हणाले, ताईला सांगायचं कधी सुचलंच नाही.

सानिकाने प्रोजेक्टच्या शेवटी लिहिलंय की, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी गोळी झाडू नका असंच बजावलं होतं. वाचून मला रडू आलं. तिला तुमच्याकडेच पाठवायचंय.

तुमची सरिता

सांगली, १६ डिसेंबर

चि. सौ. सरितास आशीर्वाद.

अगं, खसखशीशिवाय अनारसा होतो का? मला काय ठाऊक तिकडचे कायदे! चिकटपट्टी मुंग्यांसाठी होती. तुरुंगाचं वाचलं तशी लगेच फोन लावला. सुबोधला चांगलं फैलावर घेतलंय. मात्र मी तुला अडकवीन असं वाटलं तुला, ते लागलंय. काही दिवस लागून राहील.

सानिका जूनमध्ये इथेच येईल. तिच्यासाठी कपाट रिकामं केलंय, किल्ली तिच्याच हातात देईन. त्याची झडती मी घेणार नाही. आणि सुट्टीला आलीस की तूही घ्यायची नाहीस.

लोभ आहेच, आता भरवसाही असू दे.

अलका