झाईच्या ओटीवरचे पाच अल्बम

प्रिय मामा,

येत्या रविवारी तुझ्या ओटीवर वर्षातल्या सर्वांत चांगल्या पाच अल्बमची यादी वाचायची आहे, दर डिसेंबरात तू सगळ्यांसमोर वाचायचास तशी, आणि वाचणार आहे मी. म्हणून आधी तुला लिहितेय. तू गेल्यानंतरचा हा पहिलाच डिसेंबर. मला वाटलं होतं, यंदा कुणी विषय काढणार नाही. पण शेजारच्या गुरुजींनी दिवाळीतच मामीला विचारलं, यादी होणार ना? मामी म्हणाली, तेजू करेल. मला न विचारता! शेवटी तुझीच बायको.

गुरुजींचं म्हणणं असं की यादी तुझ्या आवडीची असावी. तू असतास तर काय निवडलं असतंस, ते मी ओळखायचं. मी तीन आठवडे प्रयत्न केला. अल्बम लावायचा आणि तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा. जमेना. मग एका शनिवारी लक्षात आलं, की मला हे जमवायचंच नाहीये. का, ते तुला सांगायला हवं.

२०१४ साली तलासरीजवळच्या पाड्यावर माझी शाळेत नेमणूक झाली. शनिवारची शाळा सकाळची. दुपारच्या एसटीने मी तुझ्याकडे झाईला उतरायचे, तोवर तू वाडीतून येऊन, हातपाय धुऊन बसलेला असायचास. चहा झाला की अल्बम. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमाने, मधलं एकही न गाळता. आणि असा तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. गाणाऱ्याने क्रम लावलाय तो काय उगाच, असं म्हणायचास. डहाणू रोडचं सीडीचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं लटकायला लागली, तरी तू कुठून कुठून सीडी मागवत राहिलास. त्या वर्षीच्या यादीत पहिला आलेला सारंगीचा अल्बम आठवतो? चौथ्या तुकड्याच्या आधी वादक श्वास घेतो, तो तू मला ऐकवलास. मी दोनदा ऐकूनही तो मला सापडला नव्हता. तोवर मी नुसती गाणी ऐकत होते रे. अल्बम ऐकायला तू शिकवलंस.

मग २०१६ आलं आणि आपलं भांडण झालं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी, सोनीबाई. पाड्यावरची लग्नं लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी. तिच्या पाड्यातल्या दोन शिकलेल्या पोरींनी तिची आठ गाणी रेकॉर्ड केली. लग्नात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने, मागे फक्त हलका ढोल. मी ती सीडी तुझ्याकडे घेऊन आले तेव्हा मला खात्री होती, पहिला नंबर हाच. तू नियमाप्रमाणे तीनदा ऐकलीस आणि म्हणालास, रेकॉर्डिंग कच्चं आहे, यादीत बसत नाही. मी खूप वाद घातला. तुला शहरातल्या स्टुडिओतलंच गाणं गाणं वाटतं, पाड्यावरच्या बाईचं वाटत नाही, असं तोंडावर बोलले. पुढचे तीन शनिवार मी आलेच नाही.

आणि २०१७ ची यादी! पहिला नंबर कुणाला, तर नुसत्या ड्रमच्या दणदणाटाला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मामा, तुझे कान गेलेत कुठे? ओटीवर सगळे हसले. तूही हसलास.

पुढच्याच महिन्यात मी एकदा लवकरची गाडी मिळाली म्हणून तासभर आधी पोचले. मामी वाडीत होती. फाटकापाशीच ऐकू आलं, की सीडी अडकलीय. एकाच ओळीचा अर्धा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता. आत आले तर तू स्पीकरवर तळहात ठेवून, डोळे मिटून बसला होतास आणि त्या अर्ध्या ओळीवर मान डोलावत होतास. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी जाऊन सीडी बंद केली. हाताखालची थरथर थांबली तेव्हा तू डोळे उघडलेस.

“किती वेळ अडकली होती?” तू विचारलंस.

मला खोटं बोलता आलं नाही. फाटकापासून ऐकतेय, असं मी मोठ्याने, अगदी तुझ्या समोर येऊन सांगितलं.

मग तू सगळं बोललास. दोन वर्षांपासून ऐकू कमी होत होतं. आधी वरचे सूर गेले. मग कुकरची शिटी, मग मामीच्या हाका. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. मामीला माहीत होतं. मला सांगायचं नाही, अशी तू तिला शपथ घातली होतीस. आणि मग खाली बघून म्हणालास, “त्या सोनीबाईचा आवाज मला आलाच नव्हता, तेजू. नुसता ढोल आला. ऐकू येत नाही म्हणण्यापेक्षा कच्चं आहे म्हणणं सोपं होतं.”

मामा, मला का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं? रडले असते, एवढंच ना? पण ओटीवर ते वाक्य बोलले नसते. हा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो तुला कळावा म्हणून लिहितेय. तुझ्यावरचा आहे तसा माझ्यावरचाही आहे. दर शनिवारी तुझ्यासमोर बसून ऐकणाऱ्या मला दोन वर्षांत काहीच कळलं नाही, ते कसं?

पण त्यानंतरचं वर्ष! ते मी कशाशीही बदलणार नाही. कानात मशीन बसवलंस. त्यातून बोलणं समजायचं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं, अशी तुझी तक्रार. तरी थांबला नाहीस. मी गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचे, तू हात स्पीकरवर ठेवून ते वाचायचास, आणि अधूनमधून माझ्याकडे बघून विचारायचास, इथे काय झालं? मला शब्दांत सांगावं लागायचं. सूर कुठे वळला, कुठे थांबला, का थांबला. त्या वर्षात मी जेवढं ऐकायला शिकले तेवढं आधीच्या चार वर्षांत नाही.

आणि पावसाळ्याच्या आधी तू स्वतःहून म्हणालास, मला सोनीबाईकडे घेऊन चल.

तिच्या अंगणात तू खाली बसलास आणि कसलीही प्रस्तावना न करता तिला सगळं सांगितलंस. मला ऐकू आलं नव्हतं, तरी मी तुमच्या गाण्याला कच्चं म्हणालो. मला लाज वाटून मी दारात उभ्या तिच्या नातीच्या डोक्यावर टांगलेल्या भोपळ्याकडे बघत होते. सोनीबाईने शांतपणे ऐकून घेतलं. तिला यादी कसली, नंबर कसला, याचं काही नव्हतं. तिने एवढंच विचारलं, कुठल्या कानाने बरं ऐकू येतं? तू डावा म्हणालास. ती उठून तुझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.

“ऐकू येत नव्हतं तर सांगायचं,” ती म्हणाली. “जवळ बसून म्हटलं असतं.”

आणि तिने आठही गाणी म्हटली. क्रमाने. तू माझ्या कागदावर बोट फिरवत होतास. पाचव्या गाण्यापाशी तुझं बोट थांबलं आणि तू कागद बाजूला ठेवलास. किती पोचलं, ते मी तुला कधी विचारलं नाही. परत येताना गाडीत तू आपणहून म्हणालास, निम्मं आलं, पण निम्म्यात कळलं. गेल्या डिसेंबरात तू तो अल्बम पहिला ठेवलास, आणि दोन वर्षं उशीर का झाला तेही ओटीवर सगळ्यांना सांगितलंस. गुरुजींनी चष्मा पुसला होता. मी कुठेच बघू शकत नव्हते.

जुलैत तुझं हृदय थांबलं. दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस.

आता कळलं ना, मला गुरुजींचं का ऐकायचं नाही ते? तुझ्या नावाने यादी वाचणं मला फार सोपं जाईल. कुणाला एखादा अल्बम आवडला नाही तर म्हणता येईल, मामाला आवडला असता. माझं मत चुकलं तरी झाकलं जाईल. ही सोय मला नको आहे. गुरुजींना काल तसं सांगितलं. थोडे नाराज झाले, मग म्हणाले, बरं, पण मी वाद घालणार. घाला म्हटलं.

तर यंदाचे पाच. पाचवा, एका तरुण गायिकेची अभंगांची सीडी, तंबोरा सोडून काहीही साथ नसलेली. चौथा, पलीकडच्या गुजरातेतल्या भावाबहिणीचा, बोटीवरच्या गाण्यांचा. समुद्राकाठच्या झाईत तो प्रत्येकाला कळेल. तिसरा, पेटीवादकाचा. त्याने गाणाऱ्याशिवाय अख्खा अल्बम केलाय आणि पेटी कुठेही एकटी वाटत नाही. दुसरा, एका म्हाताऱ्या गायकाचा. आवाज थकलाय, ते तो लपवत नाही. आणि पहिला, दोन मुलींचा रॅपचा अल्बम, मराठीत. तुला नसता आवडला, मामा. तुला शब्द फार वाटले असते. मी तीनदा ऐकलाय, क्रमाने, आणि त्यांनी सातव्या गाण्यात स्वतःच्या आईला जे विचारलंय ते या वर्षी दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.

रविवारी मी हे तुझ्या खुर्चीत बसून वाचणार नाही. ओटीवर उभी राहीन, प्रत्येकातलं एक गाणं लावीन आणि मला ते का आवडलं ते सांगेन. हे वचन देते तुला: ही यादी दर डिसेंबरात होईल, आणि तिच्याखाली नाव माझं असेल.

तुझी भाची,
तेजू