काका गेले

४ जुलै
सकाळी कॉफी गाळत होते, तेवढ्यात नीमाचा मेसेज. ही दिनकरभावजींची, म्हणजे माझ्या दिरांची बायको, आफ्रिकेतल्या दार-ए-सलामची. तोडक्या इंग्रजीत एवढंच, "काका नो मोअर." आमची लेक मधू भावजींना काका म्हणते, त्यामुळे घरात सगळ्यांचेच ते काका. भांडं हातातून सुटलं. ह्यांनी भावाला फोनवर फोन लावले. बंद. नीमाचाही बंद.

सासूबाईंना सांगावंच लागलं. नीमाशी लग्न केल्यापासून लेकाशी अबोला. तिचं नाव निघालं तरी उठून जायच्या. आज जमिनीवर बसल्या त्या उठेचनात. "अय्यो, मीच तोंड शिवून बसली. आतां कोणाशी बोलूं?"

५ जुलै
काही सुचत नाही. फोन बंदच. सा.बाई रोज गच्चीत कावळ्याला भात ठेवून मगच जेवतात. आज भातच नाही. कठड्यावर कावळ्यांचा नुसता गिल्ला. शेजारच्या मामींनी विचारलं, काय झालं? माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, काका गेले. तर त्या हसल्या! म्हणे, गेला तर येईल की परत, भात ठेव.

तमिळमध्ये काका म्हणजे कावळा. इतकी वर्षं ह्या तमिळ मुलखात काढून त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. दार धाडकन लावून घेतलं. आत येऊन हसू फुटलं, आणि मग स्वतःचीच किळस.

६ जुलै
भावजींचा फोन. भावजींचा!

हे नुसतेच "कोण? कोण?" करत राहिले. मी भिंत धरली. आत्ताही अक्षर वेडंवाकडं येतंय.

नीमाचा भाऊ गेला. सगळे तिच्या गावी होते, तिथे रेंज नाही. तिच्या स्वाहिलीत भावाला काका म्हणतात.

"तुम्हाला काय वाटलं, वहिनी?"

तुम्हीच गेलात असं वाटलं, सांगून टाकलं. पलीकडून हळूच, "आई रडली?"

सा.बाई समोरच होत्या. फोन पुढे केला, घेतला नाही. न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. आनंदाचं की सुतकाचं, त्यांनाच ठाऊक.

मधू मोबाइलमध्ये शोधत बसली. तमिळचा काका म्हणे कावळ्याच्या ओरडण्यातून आला, आपला कदाचित फारसीतून, तिकडचा कुठून कोण जाणे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आणि आम्ही दोन दिवस जिवंत माणसासाठी रडलो.

७ जुलै
ह्यांनी मिठाई आणली. सा.बाई कडाडल्या, "त्या पोरीचा भाऊ गेला अहे, आणि तुम्ही गोड खाता?"

ह्यांनी खोका मिटला. खरंच, नीमाला कोणी एक शब्द विचारला नव्हता. आमचा माणूस वाचला, एवढंच आम्हाला दिसलं. फार लाज वाटली.

थोड्या वेळाने सा.बाईंनी मधूला जवळ बोलावलं. "तिच्या भाषेंत काय म्हणतात, कोणी गेल्यावर?"

"पोले."

"पोळी?"

"पोळी नाही, आजी. पोले."

दुपारभर माजघरात पुटपुटणं चालू. पोले, पोले. मग मला म्हणाल्या, लाव फोन. तिला.

लावला. नीमाने उचलला. "हॅलो? हॅलो?" सा.बाईंचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही. मी बोलू का, खुणेने विचारलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला, फोन कानाला तसाच.